उकळत्या पाण्यालाही ३.० मिलिव्होल्ट आणि तयार गुळालाही ३.० मिलिव्होल्ट – माझं रूपांतर कुठं चुकतंय?

काहिलीकाठची (कराड तालुका)

नमस्कार. प्रश्न मिलिव्होल्टचा आहे, पण तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

आमचं गुऱ्हाळ आहे, कृष्णाकाठी, आजोबांपासूनचं. आमचे गुळवे तात्या सत्तरीच्या पुढचे आहेत. माझ्या जन्माआधीपासून आमच्या काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, तेच उभे असतात. पाक कधी उतरवायचा हे ठरवायचं काम त्यांचं. बुडबुडे बघतात, फावड्यावरून पाक कसा गळतोय ते बघतात आणि शेवटी थोडासा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतात. गोळी बसली की म्हणतात, "आता." मग काहील उतरायला सगळे धावतात. दोन मिनिटं आधी उतरवली तर ढेप मऊ राहते, दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ काळपट होतो आणि बाजारात भाव पडतो.

दिवाळीपासून तात्यांना मोतीबिंदूचा त्रास आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं हंगाम संपल्यावर करायचं ठरलंय. वाफेत त्यांना नीट दिसत नाही. मागच्या आठवड्यात एक आदण (एका वेळी काहिलीत शिजतो तेवढा रस) जास्त शिजलं. वडील एक शब्द बोलले नाहीत, पण तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांच्या जागी यंत्र आणायचं नाही. त्यांनी "आता" म्हटलं की त्याच्या शेजारी लिहायला एक आकडा हवाय, म्हणजे वाफ दाट असेल तेव्हा त्यांना कुणीतरी आधार देईल.

भावानं एका जुन्या ओव्हनमधला के टाइप थर्मोकपल आणून दिला, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, टोक तापलं की अगदी थोडं व्होल्टेज देणारी. त्याची स्वतःची वायर हातभरच होती, म्हणून तिला साधी तांब्याची वायर जोडून तीन मीटर केली. व्होल्टेज बघायचा मल्टिमीटर घरातलाच आहे, पिवळा, बटण फिरवायचा. बारावीला भौतिकशास्त्र होतं, त्यामुळं एवढं आठवतं:

१ व्होल्ट = १,००० मिलिव्होल्ट
१ मिलिव्होल्ट = १,००० मायक्रोव्होल्ट
म्हणजे १ व्होल्ट = १०,००,००० मायक्रोव्होल्ट

के टाइप एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो असं वाचलं. आधी स्वयंपाकघरात तपासलं. पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं, मीटरवर ३.० आले. ३.० मिलिव्होल्ट म्हणजे ३,००० मायक्रोव्होल्ट. भागिले ४१ म्हणजे ७३. खळखळणारं पाणी ७३ अंशांवर?

दुसऱ्या दिवशी काहिलीत धरलं. तात्या "आता" म्हणाले त्या क्षणी मीटरवर काय? परत ३.०! पाणी आणि तयार गुळाचा पाक एकाच तापमानाला असणं शक्यच नाही. पाक हाताला लागला तर काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मिलि आणि मायक्रोमध्ये मी कुठं शून्य खाल्लं का, हे वहीत चार वेळा पाहिलं. पण शून्य चुकलं असतं तर ७३० आले असते नाहीतर ७.३, असं मला वाटतं. कृपया कुणीतरी नीट बघून सांगा.

---

तारेवरचा_माणूस (सातारा, निवृत्त लाइनमन)

पोरी, आधी तुझं अभिनंदन. शून्य चुकलं असतं तर दहापट, शंभरपट फरक पडला असता हे तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. बाकी जण इथंच फसतात.

माझं आयुष्य या शिडीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तुझ्या गुऱ्हाळाच्या चरकाची मोटर ४१५ व्होल्टवर चालते, घरात २३०. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) येणारी लाइन ११ केव्ही, म्हणजे ११,००० व्होल्ट, म्हणून सगळे तिला "अकरा हजाराची" म्हणतात. सबस्टेशनला ३३ केव्ही येते. कोयनेची वीज मोठ्या मनोऱ्यांवरून जाते ती २२० आणि ४०० केव्हीनं. ४०० केव्ही म्हणजे चार लाख व्होल्ट. याच्या वर मेगाव्होल्ट, दहा लाख व्होल्टचा. पायरी प्रत्येक वेळी हजाराची. वर चढताना भागायचं, खाली उतरताना गुणायचं. मोठ्या एककातून छोट्यात आलीस की आकडा मोठा झालाच पाहिजे, आणि झाला नाही तर कुठंतरी उलटं केलंय असं समजायचं. आम्ही नव्या पोरांना एवढंच शिकवायचो.

एक गोष्ट मात्र जपून. छोटा एम म्हणजे मिलि, मोठा एम म्हणजे मेगा. दोघांत शंभर कोटी पटीचा फरक आहे. वहीत लिहिताना घाईत मोठा एम काढायची सवय लावून घेऊ नकोस. आणि मायक्रोचं ते शेपटीवालं चिन्ह बरेच जण यू सारखं लिहितात, ते यू नव्हे.

आता शंका. तुझ्या मीटरवर डीसी व्होल्टच्या भागात बहुतेक दोन खुणा असतील, २०० एम आणि २००० एम. तू कुठल्या खुणेवर होतीस? २००० एमवर मीटर पूर्ण मिलिव्होल्टच दाखवतो, पॉइंटनंतरचा आकडा दिसतच नाही. ३ दिसले तर ते २.६ ही असू शकतात आणि ३.४ ही. चूक तिथं असेल.

---

काहिलीकाठची

काका, मनापासून आभार. मी २०० एमवरच होते, पॉइंट दिसत होता. आज परत करून पाहिलं. २०० एमवर ३.०, २००० एमवर ००३. म्हणजे खूण बरोबर आहे. टोकं उलटी लावून पाहिली तर उणे ३.० आले.

चरक चालू असताना शेवटचा आकडा नाचतो, २.९, ३.१, परत २.९. चरक बंद केला की थांबतो. एवढंच नवीन.

---

पॅनवरचा_मेकॅनिक (वाळवा तालुका)

ताई, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, थर्मोकपल आमच्या रोजच्या हातातला. तुमचं रूपांतर शंभर टक्के बरोबर आहे. ३.० मिलिव्होल्ट म्हणजे ३,००० मायक्रोव्होल्ट, आणि ३,००० ÷ ४१ म्हणजे ७३ हेही बरोबर. फक्त ते ७३ अंश पाण्याचे नाहीत. ते फरकाचे आहेत.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतो. १८२१ साली झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं ते हेच: दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून एक जोड गरम आणि दुसरा गार ठेवला की परिणाम दिसतो, दोन्ही सारखेच गरम केले की काहीच नाही. कोयनेचं पाणी डोळ्यासमोर आणा. धरणातलं पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे यावर पोफळीच्या वीजघरातलं टर्बाइन फिरत नाही. वरच्या पाण्यात आणि खालच्या यंत्रात किती अंतर आहे, त्यावर फिरतं. तुमचा मीटर तेवढं अंतर दाखवतोय. खालचं टोक कुठल्या उंचीवर आहे ते त्याला माहीत नाही, ते तुम्ही सांगायचं.

तुमचं खालचं टोक म्हणजे थर्मोकपलची तार संपून तांब्याची वायर सुरू होते तो जोड. मीटर नव्हे, जोड. तांब्याची वायर तीन मीटर असो की तीस, तिनं काही भर पडत नाही.

आता दोन्ही आकडे परत बघा.

स्वयंपाकघरात जोड ओट्यावर असणार. दुपारची वेळ, समजा २५ अंश. ७३ + २५ = ९८. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, शंभरला नाही. (महाबळेश्वरला तर साडेपंचाण्णवच्या आसपास उकळतं, तिथं डाळ शिजायला वेळ का लागतो ते यावरून कळतं.) म्हणजे तुमची पहिली चाचणी फेल गेलेली नाही, उत्तम आलेली आहे.

गुऱ्हाळात काय झालं असेल ते मी इथून सांगतो. थर्मोकपलची वायर हातभरच, म्हणजे जोड काहिलीच्या काठापाशी लोंबत असणार, चुलवाणाच्या झळेत. तिथं ४५ अंश सहज असतात. ७३ + ४५ = ११८. ११८ ते १२० हीच गूळ उतरवायची वेळ. तात्यांनी "आता" अचूक म्हटलंय. डोळ्यात मोतीबिंदू असूनसुद्धा.

दोन्हीकडं ३.० आले, कारण गुऱ्हाळात वरचं टोक वीस अंशांनी वर गेलं आणि खालचंही वीसच अंशांनी. योगायोग आहे, पण याहून चांगला धडा वर्गात मिळत नाही.

जोड लोंबता ठेवला तर दर आदणाला झळ वेगळी, आकडा वेगळा. म्हणून खालचं टोक बांधून टाका. एका थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या. बर्फ-पाणी एकत्र असेपर्यंत ते शून्य अंशावर राहतं. दोन्ही जोड वेगवेगळे टेपनं गुंडाळून, प्लास्टिकच्या नळीत किंवा पिशवीत घालून त्यात बुडवा. पाणी उघड्या तारेला लागता कामा नये, आणि दोन जोड एकमेकांना चिकटता कामा नयेत. मग मीटरवरचे मिलिव्होल्ट गुणिले १,००० भागिले ४१, सरळ तापमान. काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही. हातभर वायर थर्माससाठी कमी पडेल, तेव्हा के टाइपचीच वायर मीटरभर आणा. इन्स्ट्रुमेंटच्या दुकानात हवी तेवढी कापून मिळते. तांब्याची लावलीत की जोड परत काहिलीपाशी आला.

नवी वायर जोडताना कुठली तार कुठल्या तारेला हे कळलं नाही तर लोहचुंबक लावा. जी हलकीशी ओढली जाते ती उणे बाजूची. तिला तिचीच जोडायची.

---

मिरजेचा_ईसीजीवाला

मेकॅनिकदादांनी मुळातलं सांगितलंय, त्यावर माझं काही नाही. मी शेवटच्या आकड्याबद्दल बोलतो, कारण माझं सगळं काम तिथंच चालतं.

इथं मिरजेत रोज ईसीजी काढतो. आमच्या कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची. म्हणजे सगळ्यात छोटा चौकोन, एक मिलिमीटरचा, ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजेच १०० मायक्रोव्होल्ट. माणसाच्या हृदयाचा अख्खा ठोका एक-दीड मिलिव्होल्टमध्ये मावतो. तुमचा गूळ तर त्याच्या तिप्पट-चौपट व्होल्टेज देतोय! (मेंदूचा आलेख काढतात तिथं तर दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची गोष्ट असते. तिथं मिलिव्होल्टसुद्धा मोठं एकक वाटतं.)

ताई, तुमच्या मीटरचा शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्ट आहे. तो १०० मायक्रोव्होल्ट, भागिले ४१, म्हणजे जवळजवळ अडीच अंश. जोड बर्फात ठेवल्यावर पाक ११८ च्या आसपास आला की मीटर ४.८ दाखवेल, पण ४.७ चे ४.८ झाले म्हणजे पाक एकदम अडीच अंशांनी तापला असं नव्हे, मधली पायरी दाखवायला मीटरकडं जागाच नाही. शिवाय असे मीटर शेवटच्या आकड्यात एक-दोनाची चूक स्वतःहून करतात. म्हणून कॅल्क्युलेटरवर ११७.०७३ आले तरी वहीत ११७ लिहा, आणि मनात "दोन-तीन अंश इकडंतिकडं" असं धरा.

एकशे अठरा की एकशे वीस हे तुमच्या मीटरला ठरवता येणार नाही. तात्यांच्या गोळीला येतं. निदान आत्तापर्यंत तरी आलंय. मीटरचा उपयोग एवढा होईल की एकशे बारालाच कुणी "आता" म्हटलं, किंवा एकशे पंचवीस झाले तरी कुणी बोललं नाही, तर तो ओरडेल. तुमच्या घरी मागच्या आठवड्यात जे झालं ते टळायला तेवढं पुरे.

आणि चरक चालू असताना आकडा नाचतो तो मोटरचा. आमच्याकडंही पंख्याची वायर जवळून गेली की पेशंटचा आलेख थरथरतो. दोन्ही तारा एकमेकींना वेणीसारखा पीळ देऊन न्या, मोटरच्या केबलपासून लांब. बराच फरक पडेल.

---

काहिलीकाठची

चार दिवसांनी लिहितेय, पण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

के टाइपची वायर सांगलीहून मागवली, दीड मीटर. लोहचुंबक फ्रीजवरचा काढला, खरंच एकच तार ओढली गेली. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणला, पोत्यात गुंडाळून. थर्मास आईचा, तिला नवा घेऊन देणार आहे.

आधी दोन्ही टोकं बर्फात: ०.०. हे बघून इतकं बरं वाटलं की आईला हाक मारून दाखवलं.

मग पातेल्यातलं उकळतं पाणी: ४.० मिलिव्होल्ट. ४,००० मायक्रोव्होल्ट, भागिले ४१, ९७.६. वहीत ९८ लिहिलं.

काल पहाटे पहिलं आदण. तारांना पीळ दिला होता, चरकाचा नाच एका आकड्यावर आला. मी मीटर घेऊन काहिलीच्या वाऱ्याच्या बाजूला बसले आणि पाठ तात्यांकडं केली. त्यांना आकडा सांगायचा नाही आणि त्यांचा चेहरा बघायचा नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. मळी निघेपर्यंत आकडा ४.० वरच रेंगाळला, मला वाटलं बिघडला. मग पाणी आटत गेलं तसा हळूहळू ४.१, ४.२. काकवीसाठी दोन डबे काढले तेव्हा ४.३ होते. त्यानंतर मात्र भराभर, ४.५, ४.६, ४.७. शेवटच्या त्या काही मिनिटांत एवढ्या वेगानं चढतं हे मी लहानपणापासून काहिलीपाशी वाढून कधी जाणलं नव्हतं. तात्या का बोलत नाहीत त्या वेळी, ते कळलं.

४.८ आले, मी श्वास रोखला, आणि मागून तात्यांचा आवाज आला, "आता."

दुसऱ्या आदणाला ४.८. तिसऱ्याला ४.९, तेव्हा वाफ खाली बसली होती आणि तात्या गोळी दोनदा वळत होते. तिन्ही वाफ्यांतला (पाक ओतून गार करतो त्या चौकोनांतला) गूळ आज सकाळी बघितला, तिसरा किंचित गडद आहे, पण चांगला आहे.

तात्यांना सगळं सांगितलं, कोयनेच्या पाण्यासकट. त्यांनी मीटर हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "आन् बर्फ सरला तर?" मला उत्तर देता आलं नाही. मेकॅनिकदादा, तुम्ही सांगा, त्यांना तुमचंच उत्तर वाचून दाखवते.

---

पॅनवरचा_मेकॅनिक

तात्यांना माझा नमस्कार सांगा. तीन आदणांत एका आकड्याचा फरक, तोही या वाफेत!

बर्फ सरला तर जोड त्याच थर्मासमध्ये साध्या पाण्यात ठेवा आणि शेजारी एक साधा काचेचा थर्मामीटर सोडा. समजा पाणी ३० अंशांवर आहे. ३० × ४१ = १,२३० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १.२ मिलिव्होल्ट. ते ४.८ मधून वजा करा. त्या दिवशी तात्यांचा "आता" ३.६ वर येईल. पाणी २५ वर असेल तर १.० वजा, म्हणजे ३.८ वर.

पुढच्या हंगामात जमलं तर के टाइपच्या सॉकेटचा तयार डिजिटल थर्मामीटर घ्या. जोडाचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर त्यात आतच असतो, ही बेरीज-वजाबाकी तो स्वतः करतो आणि अंशाच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो. या हंगामाला बर्फ पुरे.

तिसऱ्या आदणाचा गूळ किती गडद आहे त्याचा फोटो उन्हात काढून ठेवा, आकड्याशेजारी चिकटवायला.

---

तारेवरचा_माणूस

आणि पोरी, भिंतीवर लिहिशील तेव्हा नुसतं ४.८ लिहू नकोस. शेजारी "मिलिव्होल्ट, बर्फात" असं लिही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी मीटर धरील.

---

काहिलीकाठची

लिहिलं काका. चरकाशेजारच्या भिंतीवर, कोळशानं, तात्यांच्या उंचीला.